दवाखान्यामागची शाळा

(औंध येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

औंधहून रहिमतपूर स्टेशन गाठायचे, मिरजेकडे जाणारी गाडी पकडायची आणि उतरल्यावर मिशनच्या दवाखान्याचा रस्ता विचारायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मुलखातल्या माणसाला गावच्या वैद्याच्या आवाक्याबाहेरचे दुखणे जडले, की त्याच्यापुढे ही एक वाट असे. कुंडल-किर्लोस्करवाडीच्या लोकांना तर ती आणखी सोयीची. आजही या बाजूला ‘मिरजेला नेलंय’ एवढे कुणी सांगितले, की ऐकणारा फार खोदून विचारत नाही. दुखणे साधे नाही, हे त्याला उमगलेले असते.

मिरजेला हे कसे साधले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पटवर्धनांचे लहानसे संस्थान, ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आणि तंबोरे-सतारी करणाऱ्या कारागिरांची गल्ली, एवढीच त्या गावाची मिरास. मुंबईत १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते, पुण्यात १८७८ पासून मेडिकल स्कूल. तरीही दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला रुग्ण मिरजेकडे वळला. त्याचे कारण शोधू गेले की एका परदेशी सर्जनचे नाव पुढे येते. विल्यम जेम्स वॉन्लेस. लोक त्याच्या हाताच्या गुणाच्या गोष्टी सांगत थांबतात. त्या गोष्टी खऱ्या असतील, पण हाताचा गुण हातासोबत जातो. वॉन्लेस मिरज सोडून गेल्यानंतरही मिरज चालत राहिले, ते त्याने केलेल्या दुसऱ्या एका उद्योगामुळे, आणि त्या उद्योगाकडे फारसे कुणी पाहत नाही.

वॉन्लेस मूळचा कॅनडाचा. ओंटॅरिओतल्या चार्ल्सटन नावाच्या खेड्यात १८६५ मध्ये जन्मलेला. न्यूयॉर्कमधून १८८९ मध्ये त्याने वैद्यकीय पदवी घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे तो हिंदुस्थानात आला. वय चोवीस. मराठी येत नव्हती, हाताशी यंत्रसामग्री नव्हती, आणि ज्याला आपण आज अनुभव म्हणतो तोही जेमतेमच होता.

त्याच्या आधी मिरजेत डॉक्टर नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना फटाक्याच्या दारूने इजा झाली, तेव्हा वडिलांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या डॉ. भडभड्यांकडे आणले. डोळे पुरते सुधारले नाहीत. मुलगा गाणे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे राहिला आणि पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर म्हणून देशभर गाजला. म्हणजे आजारी माणूस घेऊन मिरजेला यायची रीत वॉन्लेसच्या आधीची. त्यात भर पडली रेल्वेची. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन मिरजेवरून गेली, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा तिथे येऊन मिळाला आणि मिरज जंक्शन झाले. कुठल्याही रुग्णालयाच्या इतिहासात सर्जनइतकेच स्टेशनमास्तरालाही मानाचे पान वाढायला हवे.

रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. त्या काळी सर्जनपुढे येणारे रुग्ण कोण, हे ओळखणे अवघड नाही: मोतीबिंदूने आंधळे झालेले म्हातारे, मूत्राशयातल्या खड्याने तळमळणारी माणसे आणि पोरे, वर्षानुवर्षे वाढू दिलेल्या गाठी. गावोगाव फिरणारे लोक सुईने मोतीबिंदू डोळ्याच्या आतच मागे ढकलून द्यायचे. माणसाला लगेच दिसू लागे, पैसे हातावर पडत आणि ढकलणारा पुढच्या गावाला निघून जाई. काही दिवसांनी डोळा सुजायचा, पुष्कळदा कायमचा जायचा. नव्या पद्धतीत मोतीबिंदू बाहेर काढायचा, त्याआधी हत्यारे उकळायची, हात धुवायचे, आणि मग त्या म्हाताऱ्याला दिवसेंदिवस पट्टी बांधून उताणा निजवून ठेवायचा. ऑपरेशन काही मिनिटांचे. निजवून ठेवणे दिवसांचे. पट्टी कुणी सोडायची, म्हातारा रात्री उठून बसला तर त्याला कुणी धरायचे, दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसला तर तो नेहमीचा की धोक्याचा हे कुणी ओळखायचे?

एकट्या सर्जनच्या रुग्णालयाचे घोडे इथे अडते. चाकू चालवणारा एकजण पुरतो, पण चाकूच्या आधीची आणि नंतरची कामे शिकलेल्या माणसांवाचून होत नाहीत. अशी माणसे मुंबई-पुण्याहून मिरजेला कोण पाठवणार? ग्रँट कॉलेजातून बाहेर पडणारा पदवीधर शहरात दुकान थाटी किंवा सरकारी नोकरी धरी. वॉन्लेसने १८९७ मध्ये रुग्णालयातच मेडिकल स्कूल सुरू केले. मिशनऱ्यांनी चालवलेल्या देशातल्या सुरुवातीच्या मेडिकल स्कूलांपैकी ते एक. साल लक्षात घेण्यासारखे आहे. आदल्याच वर्षी मुंबईत प्लेग उतरला होता, पाठोपाठ तो पुण्यात पोचला, आणि शिकलेल्या हातांचा तुटवडा काय असतो ते साऱ्या इलाख्याला कळून चुकले होते. रुग्णालय उघडून तीनच वर्षे झाली असताना हा माणूस शाळा काढतो. कामाचा डोंगर उपसत असताना शिकवायला वेळ काढणे अनेकांना चैन वाटते. वॉन्लेसला ती निकड वाटली.

त्या काळचे मेडिकल स्कूल म्हणजे आजचे कॉलेज नव्हे. पदवी नाही, विद्यापीठ नाही, आणि शिकून बाहेर पडलेल्या माणसाला पदवीधर डॉक्टरांच्या पंक्तीत बसायची मुभाही नाही. शिक्षण बव्हंशी खाटेपाशीच चाले. अशा शाळेतला पोऱ्या पहिल्यांदा ड्रेसिंगच्या खोलीत उभा राहायचा. पितळी किंवा एनॅमलचे भांडे धरायचे, जुनी पट्टी भिजवून अलगद सोडवायची, पूचा वास आणि रंग लक्षात ठेवायचा. जखम कालच्यापेक्षा आज लहान आहे की मोठी, हे त्याने आधी सांगायचे आणि मग वरिष्ठाने पाहायचे. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून श्वासाकडे कान लावायचा. मेडिकल कॉलेजातल्या मुलाला यातले बरेचसे पुस्तकातून आधी कळते आणि हातातून नंतर. इथे क्रम उलटा होता. तो चांगला की वाईट यावर वाद घालता येईल. मात्र तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवायचा असेल, तर या क्रमाने शिकलेला माणूस कमी गांगरतो, असे मानायला जागा आहे.

परिचारिकांच्या शिक्षणाची कथा याहून बिकट. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारे, रात्रपाळीला घराबाहेर राहणारे काम त्या काळी पांढरपेशा घरातली बाई करणार नव्हती, आणि इतर घरांतल्या बाईलाही समाज ते सुखासुखी करू देणार नव्हता. मिशनच्या रुग्णालयांत या कामाला पहिल्यांदा पुढे आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती मुली. महाराष्ट्रातल्या नर्सिंगचा पाया त्यांनी घातला. त्यांची नावे कुठल्या रस्त्याला किंवा चौकाला दिलेली आढळत नाहीत.

पैशांचे काय? मिशनची सरसकट रीत अशी, की ज्याला परवडते त्याच्याकडून फी घ्यायची, त्याला स्वतंत्र खोली द्यायची, आणि त्या पैशांतून गरिबाचे करायचे. वर्गणीवर आणि परदेशी देणगीवर रुग्णालय उभे राहते. ते रोज चालते मात्र अशा हिशेबावर. आज ‘क्रॉस सबसिडी’ हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. मिशनच्या डॉक्टरांनी तो वर्ग न करताच ते केले, हे नमूद करायला हवे. त्यातली गोम अशी, की श्रीमंत रुग्ण एखाद्या सर्जनचे नाव ऐकून येतो. सर्जन गेला की तोही जातो, आणि पाठोपाठ गरिबाची खाटही. म्हणून नाव एका माणसाचे न राहता गावाचे व्हावे लागते.

वॉन्लेसच्या कारभारातला सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा आहे. त्याच्या काळात मिरजेला कुष्ठरोग्यांसाठी व्यवस्था उभी राहिली, आणि पुढे सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. त्या वस्तीला आज वानलेसवाडी म्हणतात. आता हे पाहा. कुष्ठरोगावर गुणकारी औषध १९४० च्या दशकापर्यंत नव्हते. चौलमुग्र्याचे तेल टोचत आणि आशा धरीत. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आपल्याकडे पोचायला आणखी काही वर्षे गेली. तोवर क्षयाचा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि वाट पाहणे. एका खाटेवर एक रुग्ण महिनोन् महिने. सर्जनच्या हाताला काम नाही, रुग्णालयाच्या गल्ल्यात पैसा नाही, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत शेवटी यशही नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनांवर नाव कमावलेल्या माणसाने आपली प्रतिष्ठा आणि देणग्या या दोन रोगांकडे वळवल्या. ज्यांच्यावर चाकू चालत नाही अशा दुखण्यांसाठी जागा करणे, हे सर्जनच्या स्वभावात बसत नाही. संस्था चालवणाऱ्याच्या कर्तव्यात ते बसते.

या साऱ्याकडे डोळस नजरेने पाहायचे तर दोन गोष्टी बोलून दाखवायलाच हव्यात. मिशन धर्मप्रसारासाठी आले होते आणि त्याने ते कधी लपवले नाही. रुग्णांपैकी बहुतेकांनी औषध घेतले आणि धर्म आपलाच ठेवला, असा एकूण अनुभव. पण आजारी, अगतिक माणसापुढे प्रार्थना ठेवण्यात जो अवघडलेपणा आहे, तो त्या डॉक्टरांच्या सेवाभावाने पुसला जात नाही. दुसरी गोष्ट उतरंडीची. शाळेत शिकणारे इथले, शिकवणारे आणि ठरवणारे बाहेरचे, ही रचना फार काळ तशीच राहिली.

याच काळात मुंबईत उलटी रचना करून दाखवली गेली. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मेडिकल कॉलेजला देणगी देताना अट घातली, की शिकवणारे सगळे हिंदी असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. ब्रिटिश अमदानीत वैद्यकीय प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांनी अडवलेल्या असत, त्यावरचा हा जालीम उतारा. के. ई. एम. रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले, डीन झाले डॉ. जीवराज मेहता. गांधीजींचे डॉक्टर, आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. १९४२ पर्यंत त्यांनी ती संस्था सांभाळली. हिंदी माणसाला मोठे रुग्णालय आणि कॉलेज एकत्र चालवता येत नाही, ही समजूत त्यांनी परळमध्ये गाडली.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत मानद डॉक्टरांची पद्धत रुजली होती. नामवंत डॉक्टर सकाळी येत, विनामोबदला रुग्ण तपासत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि दुपारी आपल्या खासगी कन्सल्टिंगला जात. त्यातून उत्तम शिक्षक मिळाले, यात शंका नाही. पण संशोधन कुणी करायचे, दुपारी चारला वॉर्डात बिघडलेला रुग्ण कुणी पाहायचा, हे प्रश्न उरत. पुण्याच्या मेडिकल स्कूलचे १९४६ मध्ये बी. जे. मेडिकल कॉलेज झाले, त्याचे पहिले प्राचार्य डॉ. बी. बी. दीक्षित शरीरक्रियाशास्त्राचे माणूस, म्हणजे प्रयोगशाळेतले. दिल्लीत १९५६ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा पहिले संचालक म्हणून त्यांनाच बोलावले गेले. मानद पद्धतीच्या उलट तिथे शिक्षकांना खासगी व्यवसायाची बंदी आणि राहायला संस्थेचाच परिसर. मराठी वाचकाला या गृहस्थाचे नाव फारसे ठाऊक नाही. एखाद्या नटाच्या तिसऱ्या सिनेमाचे साल मात्र तोंडपाठ असते.

पुन्हा मिरजेकडे वळू. वॉन्लेसला १९२८ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो निवृत्त होऊन गेला. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथे १९३३ मध्ये त्याचे निधन झाले. मिरजेचा कारभार डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे आला. ते आधीपासून वॉन्लेसच्या हाताखाली काम करत होते, त्यामुळे माणूस बदलला तरी रुग्णांचा ओघ आटला नाही. हे सहजी होत नसते. महाराष्ट्रात अशी कितीतरी नावाजलेली इस्पितळे दाखवता येतील, की ज्यांच्या संस्थापकाच्या तेराव्यानंतर वारसांची भांडणे आणि कुलपे तेवढी शिल्लक राहिली.

मिरजेसारख्या शाळांतून तयार होणाऱ्या लायसेन्शिएट, म्हणजे पदवीशिवाय परवाना मिळालेल्या, डॉक्टरांचे युग भोर समितीने संपवले. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ च्या अहवालात एकच एक पदवीधर डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. हेतू चांगला होता: गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला जास्त शिकलेला, हा भेद मोडायचा. झाले असे, की जास्त शिकलेला डॉक्टर खेड्यात गेला नाही, आणि कमी शिकलेला तयार होणे बंद झाले. ती पोकळी कशाकशाने भरून निघाली, ते कुठल्याही बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी हिंडून पाहावे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. बानू कोयाजींनी या पोकळीला वेगळ्या बाजूने हात घातला. १९४४ मध्ये त्या तिथे रुजू झाल्या तेव्हा ते चाळीसेक खाटांचे होते. पुढली पंचावन्न वर्षे त्या तिथेच राहिल्या, आणि रुग्णालय साडेपाचशे खाटांच्या घरात गेले. पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ. खाटा वाढवण्यात दिवस जात असताना त्यांच्या लक्षात आले, की बाळंतपणात अडलेली बाई दारात पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. मग १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांनी काम उभे केले. सरकारी आरोग्य केंद्र, रुग्णालयातले तज्ज्ञ आणि गावातलेच शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक यांची सांगड घातली. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सार्वजनिक सेवेसाठी. गावातली फारशी न शिकलेली बाई आजाराची खूण ओळखायला शिकते, यावर त्यांचा विश्वास होता. मिरजेच्या ड्रेसिंगच्या खोलीतही तोच विश्वास होता.

औंधकरांना यात आपले काही शोधायचे असेल तर ते रुग्णालयात सापडणार नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी रोग होऊच नये या बाजूने विचार केला. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा विखुरलेल्या चार तुकड्यांचे त्यांचे संस्थान. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालणारा हा राजा शाळाशाळांतून पोरांकडूनही ते घालून घेई, आणि त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून त्याने ते विलायतेपर्यंत पोचवले. राजाच्या हौसेचा तो भाग होता हे खरे, आणि सूर्यनमस्कारांनी प्लेग किंवा कॉलरा अडत नाही हेही खरे. परंतु आरोग्य हे शाळेच्या वेळापत्रकात घालायचे काम आहे, हे या राजाने फार लवकर ओळखले. वॉन्लेसने डॉक्टर घडवण्यासाठी शाळा काढली, बाळासाहेबांनी शाळेतून निरोगी माणूस घडवायला घेतला. दोघांचे कार्यक्षेत्र एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास होते, आणि काळही काही वर्षे एकच.

मिरजेला १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आले. सुरुवातीच्या काळात त्याच्या विद्यार्थ्यांनी मिशन रुग्णालयाच्या वॉर्डांतही धडे घेतले. वॉन्लेसने लावलेल्या शिकवण्याच्या सवयीचा उपयोग सरकारने करून घेतला, तो असा. कराडला १९८४ मध्ये कृष्णा मेडिकल कॉलेज निघाले. मिरजेच्या रस्त्यांवर आज डॉक्टरांच्या पाट्या मोजता मोजता माणूस दमेल. मिशनच्या त्या मूळ रुग्णालयाला मात्र अलीकडे पैशांची ओढाताण सोसावी लागली. ज्याच्या आधाराने गाव वैद्यकीय पेठ झाले, त्यालाच त्या पेठेतल्या स्पर्धेला तोंड द्यावे लागले.

सातारा जिल्ह्याला स्वतःचे सरकारी मेडिकल कॉलेज मिळाले ते २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षात, शंभर जागांचे. विद्यार्थी शिकतात ते क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव असलेल्या जिल्हा रुग्णालयात. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे ठाणे औंध संस्थानातल्या कुंडलला होते, हे इथे सांगायला नको. सरकारी कॉलेजातून एम. बी. बी. एस. झालेल्या मुलामुलींना एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक असते. त्या बंधपत्रात कुठे रुजू व्हायचे, किती दिवस, आणि न गेल्यास दंड किती, ते सगळे लिहिलेले असते. खटाव-माणच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालेल्या त्या पोरीला रात्री दोन वाजता अडलेले बाळंतपण आले, तर शेजारी उभे राहून तिला शिकवणार कोण, याची तरतूद त्यात नाही.